सासूबाईंचा दुसरा अंगठा

कवळ्या बनवणाऱ्या माणसाला लोकांच्या तोंडात डोकावायची सवय असते. या कवळीवाल्याला तर समोरच्याच्या तोंडात काय बिघडलंय ते तो दारातून आत येतानाच दिसायचं. स्वतःचं तोंड मात्र त्याने दोनच कामांसाठी राखून ठेवलं होतं: एक जेवायला आणि दुसरं उपदेश करायला.

घराच्या पुढच्या खोलीत त्याचं काम चाले. भिंतीवरच्या फळीवर प्लास्टरचे जबडे ओळीने मांडलेले, सगळे आ वासून त्याचंच भाषण ऐकत असल्यासारखे. भाषणाचा विषय कित्येक वर्षं साखर हा होता. अलीकडे तो बदलून 'मुलं आणि मोबाईल' असा झाला होता.

"हल्लीची मुलं," गिऱ्हाइकाच्या तोंडात ठसा घ्यायच्या मसाल्याने भरलेला साचा कोंबून तो सुरू करी, म्हणजे उलट उत्तराची भीती नाही, "मान वर करून बघत नाहीत हो! आभाळ निळं असतं की हिरवं, विचारा त्यांना."

"अँऽऽ," गिऱ्हाईक म्हणे.

"तेच तर म्हणतोय मी."

आणि मसाला आवळून घट्ट होईपर्यंत करायचं काय, म्हणून हा खिशातून मोबाईल काढी. एकदा एका पोस्टमास्तरांच्या तोंडात साचा ठेवून तो मोबाईलमध्ये असा काही रमला, की मसाल्याचा दगड झाला. पोस्टमास्तर तोंडातला साचा तसाच घेऊन घरी गेले आणि संध्याकाळी तो काढून घ्यायला परत आले. त्या दुपारी त्यांच्या बायकोने लग्न झाल्यापासून पहिल्यांदा एक वाक्य शेवटपर्यंत बोलून घेतलं, आणि नंतर कवळीवाल्याला घरी बोलावून चहा पाजला म्हणतात. खरंखोटं पोस्टमास्तर जाणोत.

मोबाईल उशाशी, मोबाईल न्हाणीघरात, मोबाईल ताटाशी. घास तोंडात टाकावा की नाही, हेही तो एकदा खाली बघून विचारून घेतो की काय, असं वाटायचं.

या घरात त्याच्याखेरीज चार माणसं होती. बायको लोकांना मोटार चालवायला शिकवायची. घरापुढे उभी असलेली तिची गाडी दोन-दोन ब्रेकांची होती, तोंडाला मात्र तिने एकही लावला नव्हता. थोरली मुलगी शाळेत जाणारी, पण मुद्द्याला मुद्दा अशी काही लावायची की सगळे तिला 'वकीलबाई' म्हणत. धाकटा 'बोका'; तो बोलण्यापेक्षा खाण्यात वेळ घालवी. आणि बायकोची आई. ती जन्मभर शाळांचे गणवेश शिवून आता लेकीकडे राहायला आली होती. तिच्या तोंडात जावयाने स्वतः केलेली कवळी होती, आणि ती कवळी तिला जन्मात कधी बसली नव्हती. बोलताना मध्येच ती 'टक' करून वाजायची. हिरड्या सोलून निघायच्या. सफरचंद दिलं तर म्हातारी ते चमच्याने खरवडून खायची.

"जावईबापू, एकदा बघा की हो," ती म्हणे.

"सवय होईल, आई."

"मला होईल. हिरड्यांना कोण सांगणार?" टक.

"आतून लावायचा मऊ लेप संपलाय. आला की लगेच करू."

लेपाचा डबा त्याच्या पाठीमागच्या कपाटात होता. तळाशी थोडासा उरला होता, तो त्याने पैसेवाल्या गिऱ्हाइकासाठी ठेवला होता.

तर झालं काय, की साडूने एक फोटो पाठवला. साडू, साडूची बायको आणि दोन मुलं डोंगरमाथ्यावर हवेत उड्या मारताहेत, आणि खाली ओळ: 'स्क्रीन बंद, आभाळ चालू!' कवळीवाल्याचा जीव असा जळला की मेण वितळवायला त्या दिवशी त्याने दिवा लावलाच नसता तरी चाललं असतं. मुलांनी आभाळाकडे बघावं हे तो सगळ्या गावाला सांगत होता, आणि आभाळ नेलं साडूने!

रात्री जेवताना त्याने घोषणा केली. "येत्या रविवारी आपण सगळे नदीकाठी जायचं. दिवसभर. पालकांनी मुलांबरोबर निसर्गात वेळ घालवावा. त्यामुळे मुलांची एकाग्रता वाढते, झोप सुधारते, आणि..." इथे तो थांबला, कारण पुढचं पान उघडायला वेळ लागत होता. हे सगळं तो मोबाईलवरून वाचून दाखवत होता.

"टॅब?" वकीलबाईने विचारलं.

"घरी."

"आणि तुमचा फोन?"

"माझा कामाचा असतो."

"रविवारी कुणाचे दात उगवतात?"

बोका खुदकन हसला. बायकोने वाढायचा चमचा खाली ठेवला आणि मजा बघत बसली.

"ठीक आहे," कवळीवाला म्हणाला. "मीही फोनला हात लावणार नाही. त्यात काय एवढं?"

"मग असं करू," वकीलबाई ताट बाजूला सारून म्हणाली. "तुम्ही रविवारी घरी परत येईपर्यंत फोनला हात लावला नाहीत, तर मी माझा गेम कायमचा काढून टाकते. आणि लावलात, तर माझ्या स्क्रीनबद्दल तुम्ही या घरात पुन्हा तोंड उघडायचं नाही. कधीच. बोक्याच्या पण नाही."

"कबूल!" तो म्हणाला. म्हणून झाल्यावर त्याला अर्थ कळला. उपदेश बंद! अहो, दुसऱ्याला बोल लावण्याची सोय गेली, तर माणसाने बाप व्हायचं तरी कशाला?

"अडीनडीला एक फोन बरोबर हवा," बायको म्हणाली. "माझा नको. रिव्हर्स गिअर कुठे असतो हे विचारायला लोक रविवारीसुद्धा फोन करतात. ह्यांचाच घेऊ, पण कुलूप लावून."

"कुलपाला बोट आजीचं," वकीलबाई म्हणाली. "आकडा पण आजीच टाकेल. आजीला कितीही गोड बोला, उपयोग नाही. तिला आठवतच नाही."

"हे मात्र खरं," आजी म्हणाली. टक.

पुढचे दिवस कवळीवाला कामात होता. फक्त ते काम कुठल्याच गिऱ्हाइकाचं नव्हतं. एका सकाळी त्याने सासूबाईंना पुढच्या खोलीत हाक मारली, खुर्चीत बसवलं, गळ्याला स्वच्छ रुमाल बांधला. म्हातारीचा चेहरा असा उजळला की विचारू नका.

"करताय का, जावईबापू? माझी कवळी?"

"म्हटलं, किती दिवस टाळायचं," तो वाटीत मसाला कालवत म्हणाला. "आधी तुम्ही कवळी काढता तेव्हा अंगठ्याचा जोर कुठे पडतो, ते बघावं लागतं. हं, उजवा अंगठा. रुतवा यात. हलवू नका."

म्हातारीने विश्वासाने अंगठा रुतवला. मसाला आवळेपर्यंत ती हललीही नाही. "देव तुमचं भलं करो," म्हणाली. जन्मभर सुई टोचून टोचून त्या अंगठ्याची पार चाळण झाली होती, आणि मधोमध कात्रीचा एक जुना आडवा व्रण होता. कवळीवाल्याने तो साचा उजेडात धरून बघितला आणि खूश झाला. मग कपाटातून डबा काढला, तळाचा मऊ गुलाबी लेप खरवडून साच्यात ओतला, आणि दुपारपर्यंत त्याच्या तळहातावर सासूबाईंचा दुसरा अंगठा तयार होता. इतका हुबेहूब, की नख असतं तर त्याला नेलकटर शोधावं लागलं असतं.

शनिवारी संध्याकाळी वकीलबाईने फोनमधले बापाच्या बोटांचे ठसे पुसले आणि आजीचा घातला. आकडा आजीने सगळ्यांकडे पाठ करून टाकला, आणि वळेपर्यंत विसरली. सगळे झोपल्यावर कवळीवाल्याने गुलाबी अंगठा फोनवर टेकवला. फोन असा पटकन उघडला, जणू वाटच बघत होता.

नदी म्हणजे मोठी काही नव्हे. डांबरी रस्ता सोडून बरंच आत गेल्यावर झाडीतून वाहणारा गुडघाभर पाण्याचा ओढा, पण नदी म्हणायला कुणाची हरकत नव्हती. गाडी सावलीत लागली, फोन गाडीच्या पुढच्या कप्प्यात गेला, आणि बायकोने सलवार वर खोचून थेट पाण्यात पाय घातला. हे तिने कुणाला विचारलं नाही, त्यामुळे सगळेच तिच्या मागे गेले. आजीसुद्धा. ती काठावरच्या सपाट दगडावर बसली आणि हात पाण्यात सोडले.

थोड्या वेळात धरणाचा बेत निघाला. मोठे दगड आईने आणायचे, मधल्या फटीत गवत आणि चिखल बोक्याने भरायचा, कुठे काय बसेल ते वकीलबाईने सांगायचं, आणि दगडांचं शेवाळ आजीने घासून काढायचं, म्हणजे ते निसटणार नाहीत. म्हातारी दिवसभर पाण्यात हात घालून दगड घासत होती, आणि "हा बघ कसा लख्ख झाला, पाटी झाली पाटी," म्हणत होती. टॅबचं नाव कुणी काढलं नाही. मुलांना आठवलंच नाही म्हणा ना.

आठवण फक्त एकालाच येत होती. कवळीवाला झाडाखाली सफरचंद हातात धरून बसला होता, आणि त्याचा अंगठा सफरचंदावर खालून वर, खालून वर असा फिरत होता. सफरचंद काही पुढे सरकेना.

"बाबा, या ना! एक मोठा दगड हवाय!"

"आलोच. जरा पोट बिघडल्यासारखं वाटतंय." तो उठला, पाण्याची बाटली आणायची म्हणून गाडीकडे गेला, कप्प्यातला फोन खिशात टाकला, आणि तिथून झुडपांमागे.

झुडपांमागे त्याने काय केलं ते ऐका. आधी पानांच्या फटीतून घरच्यांचा एक फोटो काढला, सगळे पाठमोरे. तो चढवला आणि खाली लिहिलं: 'आजचा दिवस फोनशिवाय. मुलांना फोन नको, वेळ द्या.' मग किती लोकांना आवडलं ते बघितलं. मग पुन्हा बघितलं. मग एका दगडावर ओढ्याकडे पाठ करून बसला आणि 'मनःशांतीसाठी वाहत्या पाण्याचा आवाज' नावाचा व्हिडिओ लावला. मागच्या खऱ्या पाण्याच्या खळखळाटात तो नीट ऐकू येईना, म्हणून वैतागला आणि फोन कानाला लावून बसला.

"बाबाऽऽ! बघा! पाणी अडलं! बाबा, लवकर!"

बोक्याची हाक होती. पोट एकदा बिघडलं म्हटल्यावर लगेच बरं कसं होईल, असा विचार करून कवळीवाल्याने व्हिडिओ संपवला, फोटो आणखी किती जणांना आवडला ते पुन्हा एकदा बघितलं, आणि मगच उठला. फोन कप्प्यात परत ठेवून तो पोचला तेव्हा दोन दगड वाहून गेले होते आणि पाणी पुन्हा आपल्या वाटेने निघालं होतं.

"होतं," बोका म्हणाला. "आत्ताच होतं. केवढं तळं झालं होतं."

"फोटो काढायला हवा होता," कवळीवाला म्हणाला.

वकीलबाईने त्याच्याकडे बघितलं. तिच्या हातात एक मोठा दगड होता. असे दगड झुडपांमागेच मिळतात. हातातला तिने फुटलेल्या जागी नीट बसवला.

परत निघायची वेळ झाली. गाडी थोडी पुढे आली, कच्च्या रस्त्यावरच्या खड्ड्यात आपटली, बायकोने क्लचवर पाय दाबला, आणि काहीतरी तुटल्याचा आवाज झाला.

"क्लचची तार," ती म्हणाली. "आठवडाभर शिकाऊ लोकांनी तुडवायची, मग दुसरं काय होणार. आई, अंगठा दे ग. मेकॅनिकला बोलावते."

आजीने अंगठा पुसून फोनवर टेकवला. फोनने ओळखलं नाही. पुन्हा टेकवला. नाही. पदराला घासून, फुंकर मारून, दाबून, हळूच ठेवून झालं. दिवसभर पाण्यात भिजून म्हातारीच्या अंगठ्याची मनुका झाली होती.

"आकडा आठव, आजी."

"आठवला असता तर तुम्ही मला नेमलं असतंत का?" टक.

"कुलूप न उघडता पोलिसांना लागतो फोन," बोका म्हणाला.

"आणि काय सांगू? साहेब, क्लचची तार घेऊन या?" बायको म्हणाली.

ऊन उतरलं होतं. डांबरी रस्ता लांब होता. सगळे एकमेकांकडे बघत होते आणि कवळीवाल्याच्या खिशात सासूबाईंचा अंगठा गरम होत होता. नुसता हात खिशात घालायचा की काम झालं. पण मग सगळंच बाहेर येणार. उद्यापासून मुलगी त्याच्यासमोर गेम खेळत बसणार आणि त्याने भिंतीवरच्या जबड्यांसारखं नुसतं आ वासून बघायचं.

"चालू या की!" तो जोरात म्हणाला. "त्यात काय? मोकळी हवा आहे. चालण्यासारखा व्यायाम नाही. मुलांनो, आपले पूर्वज..."

"आईचा गुडघा बघा आधी," बायको म्हणाली.

"हळूहळू चालतील त्या. आई, चालाल ना?"

म्हातारी चालायला लागली. जावई म्हणतो तर चालायलाच हवं. चपला चिखलाने निसटत होत्या, म्हणून तिने त्या हातात घेतल्या. दर थोड्या वेळाने ती थांबे, नातीच्या खांद्याला धरी, आणि "झालं, झालं, निघू," म्हणे. कवळीवाला सगळ्यांच्या पुढे चालत होता आणि पाखरांची नावं सांगत होता. सगळी चुकीची होती. एका वळणावर आजी जी बसली, ती काही उठेना. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

वकीलबाई बापाच्या पुढ्यात येऊन उभी राहिली.

"बाबा, आजीचा दुसरा अंगठा काढा."

"कसला अंगठा?"

"गुलाबी. डाव्या खिशातला. मी दगड आणायला आले होते तेव्हा बघितला."

"मग तेव्हाच का नाही बोललीस?"

"मला वाटलं, आजीला चालवायची वेळ आली की तुम्ही स्वतःच काढाल." तिने हात पुढे केला. "खूप वेळ वाट बघितली मी."

झाडीत एक पाखरू ओरडलं. त्याचं नाव या वेळी कुणी सांगितलं नाही. कवळीवाल्याने खिशात हात घातला आणि अंगठा काढून मुलीच्या हातावर ठेवला. बोक्याला ती जेलीची गोळी वाटली, त्याचा हात लगेच पुढे आला. आईने तो बाजूला केला.

अंगठा टेकवताच फोन उघडला. झुडपांमागे जिथे सोडला होता त्याच पानावर उघडला: पाठमोरे सगळे, आणि खाली 'आजचा दिवस फोनशिवाय'. त्याखाली साडूचा शेरा आला होता. तो बायकोने मोठ्याने वाचला.

"'वा! पण मग फोटो कुणी काढला?'"

ती हसली नाही. मेकॅनिकला फोन लावला, जागा सांगितली, आणि फोन आपल्या पिशवीत टाकला.

आजीने नातीच्या हातून अंगठा मागून घेतला. डोळ्यांजवळ धरला, उलटापालटा केला. जन्मभर लोकांच्या शिलाईतले दोष शोधलेली बाई ती.

"माझाच," ती म्हणाली. "कात्रीचा व्रणसुद्धा उतरलाय. सुईची भोकं न् भोकं. काय सुरेख काम आहे, जावईबापू. आणि हे... हा मऊ लेप ना? हिरड्यांचा? तुम्ही तर म्हणाला होतात, संपलाय."

"म्हणजे तेव्हा अगदी थोडाच होता, आई..."

"आणि मी तुम्हाला आशीर्वाद दिला हो." टक.

एवढंच. मग तिने अंगठा जावयाच्या हातावर परत ठेवला आणि मेकॅनिक येईपर्यंत चपलांचा चिखल काढत बसली. म्हातारीने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं कवळीवाल्याला वाटलं. निदान मध्येच तोंड घालून आपली बाजू मांडता आली असती.

घरी आल्यावर वकीलबाईने टॅब काढला, बापासमोर पाय पसरून बसली आणि आवाज मोठा करून गेम लावला. त्याने तोंड उघडलं. आतल्या खोलीतून 'टक' असा आवाज आला. त्याने तोंड मिटलं. पुढच्या दिवसांत गिऱ्हाइकांशीही तसंच झालं. "हल्लीची मुलं," म्हणून तो सुरुवात करी, की पडद्याआडून 'टक'. गिऱ्हाइकं म्हणू लागली, हल्ली इथे साचा घ्यायला बरं वाटतं, शांतता असते.

पुढच्या रविवारी सकाळी गाडीत डबे, टोपल्या आणि एक फावडं गेलं. धरण पुन्हा बांधायचं होतं. टॅब घरीच राहिला, भिजला असता.

"मीही येतो," कवळीवाला म्हणाला.

"तुम्ही कशाला?" बायको म्हणाली. "तुमचं पोट बिघडतं तिथे."

आजी पुढच्या खोलीत आली. तिने कवळी काढली, धुऊन पुसून त्याच्या हातावर ठेवली, आणि लेपाचा नवा डबा शेजारी ठेवला. तो लेकीने आणून दिला होता. दात नसल्यामुळे तिचं बोलणं मऊ झालं होतं, पण ऐकू स्वच्छ आलं.

"संध्याकाळपर्यंत बसली पाहिजे. अंगठ्यासारखी."

गाडी गेली. कवळीवाल्याने सासूबाईंची कवळी एका हातात धरली आणि दुसऱ्या हाताने टेबलाच्या खणातला गुलाबी अंगठा काढून बायकोने टेबलावर ठेवून दिलेल्या फोनवर टेकवला. फोन उघडला नाही. आजीला आकडा एकदाचा आठवला होता, आणि कुलूप बदललं होतं. कुणाच्या कुठल्या बोटाने, हे त्याच्याखेरीज सगळ्या घराला ठाऊक होतं, आणि ती सगळी बोटं ओढ्यात चिखल कालवायला निघाली होती.

एवढ्यात फोन वाजला. यायचे फोन कुलपाला विचारत नाहीत. साडू होता.

"काय म्हणता साडूभाऊ? आज रविवार! आहात कुठे?"

"आम्ही?" कवळीवाला खुर्चीत ताठ बसला. "आम्ही सगळे नदीकाठी! धरण बांधतोय मुलांबरोबर. फोन वगैरे आज जवळ ठेवलेलाच नाही."

त्याच्या हातातली कवळी निसटून टेबलावर पडली.

टक.